गेम खेळता येण्याचे वय आणि कळण्याचे वय

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुलांनी व्हिडिओ गेम कितव्या वर्षापासून खेळावेत हा प्रश्न वाचकांच्या पत्रव्यवहारात अधूनमधून डोके वर काढतो आणि दर वेळी त्याचे उत्तर एकाच आकड्यात मागितले जाते. कोणी आठ वर्षे सांगतो, कोणी तेरा, तर कोणी दहावीची परीक्षा होईपर्यंत या भानगडीत पडूच नये असे बजावतो. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो आहे. शाळेतल्या संगणकाच्या खोलीची किल्ली बरीच वर्षे माझ्याकडे होती, त्यामुळे मुले काय खेळतात, कशी खेळतात आणि खेळून झाल्यावर त्याविषयी काय बोलतात हे मला जवळून पाहता आले. पुढे मी स्वतःही खेळू लागलो आणि अजून खेळतो. त्यावरून माझे असे मत झाले आहे की गेम खेळता येण्याचे वय आणि तो कळण्याचे वय ही दोन निरनिराळी वये आहेत, त्यांच्यात कधीकधी दहा-पंधरा वर्षांचे अंतर पडते, आणि आपण सारी चर्चा पहिल्या वयाभोवती करून दुसऱ्याला वाऱ्यावर सोडले आहे.

सध्या पालकांच्या नजरेस पडणारा वयाचा आकडा म्हणजे प्ले स्टोअरवर गेमच्या नावाजवळ बारीक अक्षरांत दिसणारा ३+, ७+, १२+, १६+ किंवा १८+. हा आकडा कोणत्याही भारतीय मंडळाने दिलेला नसतो. गेम तयार करणारी कंपनी एक प्रश्नावली भरते, त्यात मारामारी आहे का, रक्त दिसते का, शिव्या आहेत का, जुगाराची दृश्ये आहेत का, असे प्रश्न असतात, आणि दिलेल्या उत्तरांवरून आकडा आपोआप ठरतो. आयएआरसी नावाच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेची ही पद्धत गूगलने २०१५ मध्ये स्वीकारली. उत्तरे चुकीची आढळली तर आकडा नंतर बदलतात, हे मान्य. तरीही मुळात तो कंपनीने भरलेल्या तक्त्यातून निघालेला आकडा आहे, कोणा जाणत्या माणसाने गेम शेवटपर्यंत खेळून दिलेला अभिप्राय नव्हे.

या शिक्क्यांचा जन्म कसा झाला ते पाहिले की त्यांची मर्यादा लक्षात येते. डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये जो लीबरमन आणि हर्ब कोल या सदस्यांच्या पुढाकाराने व्हिडिओ गेममधील हिंसेवर सुनावणी झाली. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ आणि ‘नाइट ट्रॅप’ हे दोन गेम त्या वेळी गाजले. सरकारने कायदा करून गळ्यात घंटा बांधण्याआधी आपणच काही केलेले बरे, असा विचार करून तिथल्या उद्योगाने १९९४ मध्ये ईएसआरबी हे मंडळ स्थापन केले. जर्मनीत त्याच वर्षी यूएसके सुरू झाले, जपानमध्ये २००२ मध्ये सेरो आले आणि युरोपातील अनेक देशांनी मिळून २००३ पासून पेगीचे शिक्के वापरायला सुरुवात केली. या सर्व मंडळांसमोरचा प्रश्न एकच होता: मुलाच्या डोळ्यांना काय दिसू नये? मुलाला काय समजेल, हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता. शिवाय हे आकडे देशोदेशीच्या रुचीप्रमाणे बदलतात. जगभर मुले जो खेळतात तो ‘माइनक्राफ्ट’ युरोपात ७ वर्षांच्या मुलाला चालतो, अमेरिकेत मात्र त्यावर १० वर्षांपुढच्यांसाठी असा शिक्का आहे. अटलांटिक ओलांडताना मुलाची समज तीन वर्षांनी कमी होते असे कोणी म्हणणार नाही.

पेगीने तर स्वतःच स्पष्ट केले आहे की ३ हा शिक्का असलेल्या गेममध्ये आक्षेपार्ह काही नसते, पण तो लहान मुलांना खेळायला अवघड असू शकतो. बुद्धिबळाच्या साध्या गेमलाही ३ चाच शिक्का मिळतो. औषधाच्या बाटलीवर मात्रा न लिहिता ‘यात विष नाही’ एवढेच छापावे, तसा हा प्रकार आहे. माहिती खरी असते, उपयोगी असते, आणि तरीही घरातल्या माणसाला जे हवे असते ते तिच्यातून मिळत नाही.

हाताचा, म्हणजे गेम खेळता येण्याचा, भाग मी लवकर आटपतो, कारण त्यात फारसा वाद नाही. बोटाने टिचकी मारून रंगीत गोळ्या फोडणे चार-पाच वर्षांच्या मुलाला जमते. एका अंगठ्याने चालायचे आणि त्याच वेळी दुसऱ्या अंगठ्याने आजूबाजूला पाहायचे ही कसरत माझ्या पाहण्यात साधारण आठव्या-नवव्या वर्षी सहज होऊ लागते. त्यानंतर मुलांचा हात मोठ्यांच्या पुढे जातो आणि तो पुढेच राहतो. ज्या खेळाला अर्थच नसतो तिथे एवढे पुरते. अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत तयार केलेल्या ‘टेट्रिस’मध्ये वरून ठोकळे पडतात आणि ते बसवायचे असतात, सात वर्षांचे मूल आणि सत्तर वर्षांचा आजोबा यांना त्यातून सारखेच कळते. बुद्धिबळातही वजीर मारला गेला म्हणून कोणी त्याच्या घरच्यांचा विचार करत नाही, आणि म्हणूनच पाच-सहा वर्षांच्या मुलांना आपण खुशाल पटावर बसवतो. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये एकोणिसाव्या वर्षी महिलांचा विश्वचषक जिंकला तो अशाच लहानपणापासूनच्या खेळाच्या बळावर. सोंगट्यांना सुखदुःख नसते तोवर वयाची अट फक्त हाताला आणि डोक्याला असते.

अडचण सुरू होते ती गेम काही सांगू लागतो तेव्हा. ‘मॉन्युमेंट व्हॅली’ हा २०१४ मध्ये लंडनच्या एका संस्थेने काढलेला गेम अतिशय शांत आहे. त्यात मारामारी नाही, वेळेची मर्यादा नाही. इडा नावाची न बोलणारी छोटी राजकन्या, डोळ्यांना फसवणाऱ्या इमारती आणि त्या फिरवून तिला वाट करून देणारे आपण, एवढाच मामला असतो. माझ्या नातीने नवव्या वर्षी तो एका संध्याकाळी जवळजवळ संपवला. जिना आडवा करून भिंतीला जोडायचा असतो हे तिला माझ्या आधी दिसत होते आणि मी अडलो की ती माझ्या हातून टॅब ओढून घेत होती. पण वाटेत इडाला अडवून ओरडणारे कावळे कोण, असे विचारल्यावर तिचे उत्तर होते, ‘ते व्हिलन आहेत.’ इडा प्रत्येक ठिकाणी काहीतरी परत ठेवते आहे, म्हणजे ते आधी तिनेच नेले होते, कावळ्यांची जी दशा झाली तिच्याशी तिचा संबंध आहे आणि ती क्षमा मागायला निघाली आहे, हे नातीपर्यंत पोचलेच नव्हते. तिचे काही बिघडले नाही. तिने तिच्या वयाचा गेम खेळला आणि त्याच पडद्यावर मी माझ्या वयाचा पाहिला. असे गेम लवकर दिल्याने नुकसान होत नाही, मात्र ‘तो तर मी खेळून टाकला’ म्हणून मूल पुन्हा त्याच्याकडे वळत नाही आणि कळण्याच्या वयात तो हातून सुटतो, एवढा तोटा होतो.

दुसरे उदाहरण याहून जड आहे. पोलंडमधील वॉर्सा शहरातील इलेव्हन बिट स्टुडिओज या संस्थेने २०१४ मध्ये ‘धिस वॉर ऑफ माइन’ हा गेम काढला. १९९२ ते १९९६ या काळात बोस्नियातील सारायेव्हो शहराला पडलेल्या वेढ्यावरून तो सुचला आहे. यात आपण सैनिक नसतो. पडक्या घरात अडकलेले तीन-चार साधे नागरिक असतो. दिवसा घर सांभाळायचे, पाणी गाळायचे, असेल ते शिजवायचे, आणि रात्री एकाने बाहेर पडून जे मिळेल ते आणायचे. बाहेरच्या ठिकाणांपैकी एका घरात एक म्हातारे जोडपे राहते. त्यांच्याकडे अन्न आहे, औषधे आहेत, आणि त्यांच्यात प्रतिकाराचे बळ नाही. म्हातारा विनवण्या करत मागे-मागे येतो, पण तुम्हाला अडवत नाही. माझ्या भाच्याने हा गेम शाळेत असताना मोबाईलवर खेळला (त्यावर १८ चा शिक्का होता आणि तो कोणी पाहिला नव्हता, हा भाग वेगळा). तोवर नेमबाजीच्या गेममध्ये त्याला एवढेच माहीत होते की घर दिसले की आत शिरायचे आणि दिसेल ते उचलायचे. त्याने म्हाताऱ्याचे घर धुऊन नेले. दुसऱ्या दिवशी त्याच्या गटातला तोच माणूस उदास होऊन बसला, सांगितलेले काम करीना, आणि भाच्याने ‘गेममध्ये बग (प्रोग्राममधली चूक) आहे’ असे म्हणून तो काढून टाकला. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात मित्राच्या सांगण्यावरून त्याने तो पुन्हा घेतला, आणि या वेळी त्या घराच्या दारातून रिकाम्या हाताने परत फिरला. त्याच्या गटातले एक माणूस नंतर उपाशी मेले. त्या रात्री त्याने मला फोन करून बराच वेळ सांगितले, आपण कोणता निर्णय घ्यायला हवा होता म्हणून. हात दोन्ही वेळा तोच होता, किंबहुना शाळेत असताना जास्त चपळ होता.

पोलंडने या गेमच्या बाबतीत जे केले ते आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसावे. २०२० मध्ये तिथले तेव्हाचे पंतप्रधान मातेउश मोराविएत्स्की यांनी तो शाळांच्या पूरक वाचनाच्या यादीत घेत असल्याचे जाहीर केले, मात्र शिक्का १८ चा असल्यामुळे तो अठरा वर्षे पूर्ण झालेल्या विद्यार्थ्यांसाठी ठेवला. व्हिडिओ गेमच्या वयाविषयी ‘याच्या आत नको’ असे सांगणारे देश पुष्कळ आहेत; ‘या वयात जरूर खेळा’ असे एका सरकारने सांगितल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे. पुस्तकांच्या बाबतीत आपण हे नेहमीच करतो. पाचवीच्या बालभारतीत एक धडा असतो, दहावीच्या कुमारभारतीत दुसरा, आणि ते अश्लीलतेच्या भीतीने वेगळे केलेले नसतात. गेमच्या बाबतीत मात्र असा विचार करायला आपण बिचकतो, कारण गेम ही वाचण्याची किंवा समजण्याची गोष्ट आहे हेच आपल्याला मनातून पटलेले नाही.

वय वाढते तसे समजणे वाढते, आणि ते अठराला थांबत नाही, याचे उदाहरण म्हणून ‘वेन्बा’चा उल्लेख करावासा वाटतो. २०२३ मध्ये कॅनडातील एका छोट्या गटाने काढलेल्या या गेममध्ये १९८८ च्या सुमारास तिकडे स्थायिक झालेले तमिळ जोडपे आणि त्यांचा मुलगा यांची कथा आहे. आईने दिलेल्या पाककृतींच्या वहीतील अक्षरे पुसट झाली आहेत आणि स्वयंपाक करता-करता ती जुळवायची आहेत. पहिलेच कोडे इडलीचे आहे: ताटल्या अशा रचायच्या की वाफ वरपर्यंत गेली पाहिजे. दहा वर्षांचे मूल हे कोडे हसत सोडवते. परंतु वाढत्या वयाच्या मुलाला घरचा डबा आणि आईची भाषा यांची लाज वाटू लागते तेव्हा आईच्या मनात काय होते, हे ज्याची मुले न्यू जर्सीत किंवा मेलबर्नमध्ये आहेत आणि ज्याचा नातू फोनवर दोन वाक्यांनंतर इंग्रजीत शिरतो, अशा मराठी आजी-आजोबांना जितके कळेल तितके कोणत्याही मुलाला कळणार नाही. या गेमचे योग्य वय मला विचाराल तर मी साठ सांगेन.

आता पुन्हा ‘दिसण्या’कडे येतो. १९९३ मध्ये ‘मॉर्टल कॉम्बॅट’ घरी टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रांवर आला तेव्हा निन्टेन्डो कंपनीने आपल्या यंत्रासाठी रक्ताचे थेंब करड्या रंगाचे करून त्याला घाम ठरवले. सप्टेंबर २०२० मध्ये आपल्याकडे ‘पबजी’वर बंदी आली आणि २०२१ मध्ये त्याचाच भारतीय अवतार ‘बीजीएमआय’ नावाने आला, तेव्हा रक्त हिरवे दाखवण्यात आले. अठ्ठावीस वर्षांत आपली अक्कल करड्यावरून हिरव्यापर्यंत आली! मारणाऱ्याला आपण काय करतो आहोत हे लाल रंगामुळे कळत होते आणि हिरव्यामुळे कळेनासे झाले असेल, तर सुधारणा झाली की बिघाड झाला, याचा विचार रंगाऱ्यांनीही करायला हवा होता. त्याच गेममध्ये अठरा वर्षांखालील मुलांसाठी रोज तीन तासांची मर्यादाही घातलेली आहे. पण वय सांगायचे मुलाने आणि मोबाईल वडिलांचा, अशा स्थितीत ती मर्यादा कितपत पाळली जात असेल ते वाचकांनीच ठरवावे.

माझ्या दृष्टीने मात्र सर्वांत दुर्लक्षित वय आहे ते गेमच्या दुकानात शिरण्याचे. आजचे बहुतेक मोबाईल गेम फुकट असतात आणि त्यांचा धंदा आत चालतो. तिथे रुपये चालत नाहीत, आधी त्यांचे डायमंड, यूसी किंवा रोबक्स, म्हणजे त्या-त्या गेममधली नाणी, करून घ्यावी लागतात. आठवीच्या वर्गात मी एकदा फळ्यावर पुढील शाब्दिक उदाहरण घातले होते. समजा १०० नाण्यांचे पुडके ८० रुपयांना आहे, ५२० नाण्यांचे ४०० रुपयांना आहे आणि हवा असलेला पोशाख ५९९ नाण्यांचा आहे. तर खर्च किती आणि उरले किती? उत्तर ४८० रुपये आणि २१ नाणी, आणि त्या २१ नाण्यांत काहीही येत नाही, म्हणून ती पुढच्या पुडक्याची वाट पाहत पडून राहतात. वर्गातल्या मुलांना आपापल्या गेममधल्या पोशाखांचे भाव नाण्यांत तोंडपाठ होते. रुपयांत किती होतात हा हिशेब त्यांतल्या फारच थोड्यांनी केला होता, आणि जी करत होती ती बहुधा दुकानदारांची मुले होती.

त्यापुढे चक्र असते. ते फिरवायचे आणि काय निघेल ते घ्यायचे. दुर्मीळ वस्तू मिळण्याची शक्यता शंभरात एक आहे असे सांगितले, तर शंभर वेळा फिरवल्यावर ती मिळणारच, अशी वर्गाची एकमुखी समजूत होती. प्रत्यक्षात शंभर वेळा फिरवूनही काहीच हाती न लागणारे शेकडा ३७ च्या आसपास असतात. हे गणित ज्या प्रकरणात येते ते संभाव्यतेचे प्रकरण आपल्या राज्य मंडळाने दहावीत ठेवले आहे. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना ही गोष्ट पंधराव्या वर्षी झेपेल असे वाटते आणि ७+ चा शिक्का असलेल्या गेममध्ये ते चक्र सातव्या वर्षी मुलाच्या हाती पडू शकते, यातली विसंगती कोणाच्या लक्षात कशी येत नाही याचे मला आश्चर्य वाटते. आपल्यापुढे चालले आहे ते मन वळवण्यासाठी आहे, हे आठ वर्षांखालील मुलांना समजत नाही, असा निष्कर्ष अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अभ्यासगटाने टीव्हीच्या जाहिरातींविषयी २००४ मध्येच काढला होता. गेममध्ये तर जाहिरात आणि गेम यांच्यामधली रेघही पुसलेली असते; ‘फक्त दोन तास शिल्लक’ असे सांगणारे घड्याळ गेमचा भाग आहे की दुकानाचा, हे मोठ्यांनाही चटकन सांगता येत नाही. (माझ्या वयाचे काही सद्गृहस्थ गोळ्या फोडण्याच्या गेममध्ये जादा ‘लाइफ’ विकत घेतात, त्यामुळे हे वय प्रत्येकाला येतेच असे नाही.)

इतर देशांनी याकडे थोडे तरी पाहिले आहे. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे भरून उघडायच्या आणि आत काय निघेल ते नशिबावर सोडणाऱ्या गेममधल्या बंद पेट्या जुगारात मोडतात असे ठरवले. गेममध्ये यादृच्छिक, म्हणजे नशिबावर मिळणाऱ्या, वस्तूंची विक्री आहे, अशी सूचना पेगी आणि ईएसआरबी २०२० पासून देऊ लागले. डिसेंबर २०२२ मध्ये ‘फोर्टनाइट’च्या एपिक गेम्स कंपनीने अमेरिकेत ग्राहकांचे हित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनशी ५२ कोटी डॉलरची तडजोड केली, आणि त्यातले २४.५ कोटी डॉलर खेळणाऱ्यांकडून नकळत खरेदी करवून घेतल्याच्या आरोपाबद्दल होते. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्यानुसार अल्पवयीन व्यक्ती करार करू शकत नाही आणि तिने केलेला करार मुळातच निरर्थक असतो, हे ब्रिटिश काळातले आपले सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये सांगून ठेवले आहे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालील प्रत्येक जण मूलच मानला आहे. कायद्याच्या पुस्तकात वय इतके स्पष्ट असताना मोबाईलच्या पडद्यावर ते कोठे हरवते?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या गेमवर त्याने बंदी घातली, तर ई-स्पोर्ट्स (स्पर्धा म्हणून खेळले जाणारे गेम) आणि करमणुकीचे इतर ऑनलाइन गेम यांना मान्यता देऊन त्यांच्यासाठी प्राधिकरणाची तरतूद केली. बंदीचे मी स्वागतच करतो. पण ज्या गेमना मान्यता दिली त्यांच्या वयाचा प्रश्न त्यामुळे अधिक निकडीचा होतो. चित्रपटांसाठी आपण २०२३ च्या दुरुस्तीने यूए प्रमाणपत्राचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग केले. ओटीटीवरील मालिकांना २०२१ च्या नियमांपासून तशीच वर्गवारी लागू आहे. मुलगा दोन तासांचा चित्रपट पाहतो त्याला भारतीय शिक्का आहे आणि वर्षभर रोज जो गेम खेळतो त्याला नाही, हे योग्य नव्हे. नवे प्राधिकरण असा शिक्का देणार असेल तर त्याने तो तक्त्यातून न काढता गेम खेळून द्यावा, त्यात विक्री कशी चालते ते वेगळे नमूद करावे आणि हे सर्व मराठीसह भारतीय भाषांत छापावे, एवढी अपेक्षा आहे.

तासांच्या बंधनाविषयी मी मुद्दाम थोडेच लिहितो, कारण त्यावर पुष्कळ लिहिले जाते. चीनने २०२१ पासून अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री ८ ते ९ एवढाच वेळ दिला. दक्षिण कोरियाने सोळा वर्षांखालील मुलांसाठी मध्यरात्री ते सकाळी ६ पर्यंत ऑनलाइन गेम बंद ठेवण्याचा कायदा २०११ मध्ये आणला आणि दहा वर्षांनी तो मागे घेण्याचे ठरवले. जागतिक आरोग्य संघटनेने गेमच्या विकाराचा रोगांच्या यादीत समावेश केला आहे, पण त्याच्या लक्षणांत तासांचा आकडा नाही. ताबा सुटणे, बाकी सर्व मागे पडणे आणि नुकसान दिसत असूनही न थांबणे, ही लक्षणे आहेत. झोप, डोळे आणि अभ्यास यांसाठी वेळेची मर्यादा हवीच, मात्र एक तास काय खेळला याची चौकशी न करता ‘एकच तास खेळला’ यावर समाधान मानणाऱ्या घरांची मला जास्त काळजी वाटते.

घरात वय ओळखण्याचा मला सापडलेला मार्ग साधा आहे. खेळून झाल्यावर मुलाला गेमची गोष्ट सांगायला सांगावी. किती गुण झाले, कितवी रँक लागली, कोणती गन मिळाली, असेच तो सांगत राहिला तर त्याचा हात गेमपर्यंत पोचला आहे, समज अजून वाटेत आहे. अमक्याने असे का केले, दुसरा रस्ता होता का, असे तो आपण न विचारता बोलू लागला तर त्या गेमचे वय त्याला झाले असे समजावे, मग शिक्क्यावर काहीही असो. प्यायजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने अकरा-बाराव्या वर्षापासून मूल ‘असे झाले असते तर’ या पद्धतीने विचार करू लागते असे मांडले, आणि माझ्या वर्गातल्या अनुभवाशी ते बऱ्यापैकी जुळते, पण मुले पुस्तकाप्रमाणे वाढत नाहीत. सातवीत समजणारी मुले मी पाहिली आहेत आणि बारावीत न समजणारीही.

या पत्राच्या निमित्ताने आपल्याला एक विनंती आहे. आपण दर आठवड्याला चित्रपटांची परीक्षणे छापता, नाटकांची छापता, अधूनमधून पुस्तकांचीही छापता. रविवारच्या पुरवणीत एका गेमला तिनेकशे शब्दांची जागा द्यावी, आणि त्यात तो हाताला किती अवघड आहे, त्याची गोष्ट कोणाला कळेल आणि आत दुकान आहे की नाही, एवढे लिहावे. सुरुवातीला पुण्यातच तयार झालेला, २०२० मध्ये बाहेर पडलेला ‘राजी’ घेता येईल. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेल्या मुलीची ती गोष्ट आहे, दुर्गा आणि विष्णू यांच्या बोलण्यातून ती पुढे सरकते, आणि पुण्यातल्या किती पालकांना तिचे नाव माहीत असेल याची मला शंका आहे. परीक्षण लिहून द्यायला मी तयार आहे. मानधनाची अपेक्षा नाही, फक्त शब्दमर्यादा आधी कळवावी. या पत्रात ती मला सांभाळता आलेली नाही, हे आपल्या लक्षात आले असेलच.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त गणित शिक्षक, सातारा